ऐकणाऱ्याचे माप

श्रोतेहो, आजचा विषय संदेशवहनाच्या साधनांचा आहे. परंतु ती साधने कशी चालतात हे सांगण्याचा माझा विचार नाही. मी शाळेतला शिक्षक आहे, यंत्रविद्येतला जाणकार नव्हे. टपाल, तार, नभोवाणी, दूरध्वनी ही साधने ज्यांच्यासाठी म्हणून निर्माण झाली, त्या माणसांनी त्यांना कोणत्या मापाने मोजले, आणि ते माप त्यांना कोणी कधी विचारले काय, एवढाच प्रश्न मला तुमच्यापुढे मांडावयाचा आहे. प्रारंभ घरच्या एका गोष्टीने करतो.

साल १९९०. आमचे घर पैनगंगेच्या अलीकडच्या तीरावर, आदिलाबाद जिल्ह्यातील भीमपूरच्या परिसरात. वडील शिक्षक होते. आजोबा-आजी वसईला, मूळ घरी. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास दारात तारवाला उभा राहिला. वडील परीक्षेच्या कामासाठी परगावी गेलेले. आईने मराठीत सही करून तार घेतली. कागदावरची अक्षरे इंग्रजी; आईचे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. तार येणे म्हणजे कोणीतरी गेले, अशी खेड्यात तेव्हा सर्वत्र समजूत असे. त्यामुळे शेजारच्या बायका जमल्या आणि काय घडले हे कळण्यापूर्वीच रडू लागल्या. कोण गेले, सासरचे की माहेरचे, हे कोणाला ठाऊक नव्हते. इंग्रजी वाचू शकणारी माणसे गावात मोजकीच. त्यांतले त्या दिवशी कोणीही गावात नव्हते. संध्याकाळी शेवटच्या मोटारीने वडील परतले, तेव्हा साडेसात वाजले होते. तारेत चारच शब्द होते. आजोबा अत्यवस्थ आहेत, त्वरित निघा, असा त्यांचा आशय होता. दुपारच्या दोन्ही मोटारी निघून गेल्या होत्या. आम्ही वसईला पोहोचलो तो तिसरा दिवस. आदल्या दिवशीच दफनविधी उरकला होता. आजोबा शेवटच्या रात्री शुद्धीवर होते आणि 'तार पोचली का?' असे पुनःपुन्हा विचारीत होते, हे काकांनी वडिलांना सांगितले. काकांजवळ पावती होती. तार वेळेवर गेली होती आणि वेळेवर मिळालीही होती. तार नेणाऱ्याआणणाऱ्या कोणाचीही त्यात कसूर नव्हती. तार पोचली होती. बातमी पोचली नव्हती.

देवनागरी लिपीत तार करण्याची सोय देशात होती, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी समजले. १४ जुलै २०१३ च्या रात्री भारतातील तारसेवा बंद झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिच्या सुमारे १६० वर्षांच्या कारकिर्दीचा मोठा गौरव केला. तो योग्यच होता. परंतु त्या साऱ्या हिशेबात माझ्या आईचे ते साडेआठ तास कोठेच नव्हते. ते कोणाच्या वहीत लिहिले जाणार?

संदेशवहनाच्या साधनांना दोन मापे लागू पडतात, असे मला वाटते. एक माप पाठविणाऱ्याचे. तारा किती मैल टाकल्या, ध्वनिक्षेपकाची शक्ती किती, किती गावांत संच बसविले, हे तो मोजतो. दुसरे माप घेणाऱ्याचे. निरोप माझ्या भाषेत आहे काय? मी कामावरून घरी आल्यावर तो येतो, की शेतात असताना? वाचून दाखविणारा कोणी जवळ आहे काय? यंत्र बिघडले तर दुरुस्त कोण करील? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मला काही समजले नाही तर उलट विचारता येईल काय? पहिल्या मापाचे आकडे दप्तरात सापडतात. दुसऱ्या मापासाठी माणसाच्या दारात जाऊन बसावे लागते.

हे दुसरे माप अगदीच अज्ञात होते असे मात्र नाही. १ जुलै १८७९ रोजी आपल्या देशात पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले. निरक्षर माणसानेही ते आपलेसे केले, कारण लिहून देणारा आणि वाचून दाखविणारा माणूस त्याच्या भोवती उभा राहिला. कित्येक गावी तो माणूस म्हणजे खुद्द पोस्टमनच असे. पुढे टपालखात्याने जोडकार्ड काढले. दोन कार्डे एकमेकांस जोडलेली. एकावर आपण मजकूर लिहावयाचा, दुसरे कोरे ठेवावयाचे. पत्र मिळालेल्या माणसाने ते कोरे कार्ड फाडून त्यावर उत्तर लिहावयाचे. त्याचा हशील पाठविणाऱ्याने आधीच भरलेला असे. उत्तर येणे हा संदेशाचाच अर्धा भाग आहे, हे ज्याला सुचले तो मोठा व्यवहारचतुर माणूस असला पाहिजे. या जोडकार्डाकडे आपण शेवटी पुन्हा वळणार आहोत.

आता आमच्या जिल्ह्याच्या इतिहासातील एक प्रकरण पाहू. १९४० साली तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात कुमरम भीम आणि त्यांचे साथीदार गोंड कामी आले. तंट्याचे मूळ जमीन आणि जंगल यांत होते. परंतु गाऱ्हाणे सांगणारा गोंडी बोलतो आणि ज्या कचेरीत ते सांगावयाचे तिचे कामकाज उर्दूत चालते, ही अडचणही लहान नव्हती. या घटनेनंतर गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्याचे काम निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडे सोपविले. हा गृहस्थ मूळचा व्हिएन्ना शहराचा. तो मारलावाई या गोंड खेड्यात राहिला, त्यांची भाषा शिकला. १९४३ मध्ये त्याच मारलावाईस गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याचे केंद्र निघाले. मुलांसाठी जी पहिली वाचनपुस्तके तयार झाली त्यांची भाषा गोंडी होती आणि लिपी देवनागरी. कारण उघड होते. त्या मुलखातील ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती, त्यांना ती मराठीतून झाली होती. कचेरीला कोणती लिपी सोयीची, हा प्रश्न तेथे मागे पडला. वाचणाऱ्याला कोणती सोयीची, हा पुढे आला. गोळीबाराला तीन वर्षे लोटल्यावर का होईना, कोणीतरी घेणाऱ्याचे माप विचारले होते.

परंतु श्रोतेहो, हे माप पद्धतशीरपणे, प्रश्नावली घेऊन, आधी आणि नंतर अशी दोनदा मोजदाद करून, नव्या साधनाला लावून पाहण्याचा आपल्या देशातील गाजलेला पहिला प्रयोग महाराष्ट्रातच झाला. तो १९५६ साली पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावरून झाला आणि ती हकीकत हाच आजच्या भाषणाचा गाभा आहे.

पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले होते. ग्रामीण कार्यक्रम त्या काळी अनेक केंद्रांवरून होत असत. पंचायतीच्या किंवा शाळेच्या ओट्यावर सरकारी संच ठेवलेला असे. ठरलेल्या वेळी तो लागे. माणसे जमत, ऐकत आणि उठून जात. त्यांनी काय ऐकले, त्यातले किती त्यांना पटले, हे केंद्राला कळण्याचा मार्ग नव्हता. याच अडचणीवर कॅनडात एक तोड निघाली होती. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालत. शेजारपाजारचे शेतकरी एका घरी जमत, एकत्र कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर बोलत, आणि आपले म्हणणे लिहून नभोवाणीकडे पाठवीत. 'वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा' असे त्यांचे ब्रीद होते. युनेस्को या संस्थेला हा प्रकार आशियात करून पाहावयाचा होता. आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर हे स्वतः हिंदीतील नाटककार. त्यांनी ही कल्पना उचलून धरली. प्रयोगासाठी पुणे केंद्र निवडले गेले.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. भारतात येताना त्या ब्रीदातला पहिला शब्द गळाला. 'ऐका, चर्चा करा, कृती करा' एवढेच उरले. कॅनडाच्या शेतकऱ्याला आधी छापील पुस्तिका धाडता येत असे. आमच्या खेड्यात ज्याला वाचता येत नाही त्यालाही मंडळात बसवावयाचे होते. एक शब्द कमी केल्याने हजारो माणसांना दार उघडले.

त्या वेळच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे घेण्यात आली. प्रत्येक गावी १२ ते २० माणसांचे एक मंडळ. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात दर रविवारी आणि गुरुवारी सायंकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. असे एकूण २० कार्यक्रम झाले. शेती, आरोग्य, शिक्षण, साक्षरता, ग्रामपंचायत असे त्यांचे विषय असत. कार्यक्रम संपला की संच बंद करावयाचा आणि मंडळाने बोलावयास बसावयाचे. चिटणिसाने चर्चेचा सारांश आणि उद्भवलेले प्रश्न लिहून पुण्यास धाडावयाचे. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून दिली जात. आपण विचारलेला प्रश्न त्या पेटीतून ऐकू आला आणि त्याचे उत्तरही आले, तेव्हा त्या ओट्यावरच्या माणसांना काय वाटले असेल, याची कल्पना करून पाहावी. जोडकार्डाचा कोरा भाग भरून परत गेला होता.

परंतु या प्रयोगाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या मोजणीत आहे. हे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे दिले होते. तेथे त्या वेळी पाहुणे प्राध्यापक म्हणून आलेले पॉल नॉयराट यांनी त्याची आखणी केली. योगायोग असा की हेही मूळचे व्हिएन्नाचेच. त्यांचे वडील ऑटो नॉयराट यांनी त्या शहरात सामान्य कामकऱ्यालाही आकडे समजावेत म्हणून चित्रांतून सांख्यिकी मांडण्याची पद्धत घडविली होती. मुलगा पॉल याला १९३८-३९ मध्ये नाझींनी दाखाव आणि बुखेनवाल्ड येथील बंदी-छावण्यांत डांबले होते. तेथून सुटून तो अमेरिकेस गेला आणि समाजशास्त्रज्ञ झाला. ज्याने एकदा माणसाचा नुसता क्रमांक झालेला पाहिला, तो महाराष्ट्रातल्या खेड्यात जाऊन एकेका माणसाला 'तुम्हांला काय कळले?' असे विचारण्याची व्यवस्था करतो, ही गोष्ट मला नेहमी विचार करावयास लावते.

मोजणीची रीत सोपी आणि चोख होती. मंडळ असलेली २० गावे निवडली. त्यांच्या जोडीला मंडळ नसलेली २० गावे घेतली. त्यांतल्या १० गावी रेडिओ होता आणि १० गावी रेडिओही नव्हता. प्रत्येक गावातील २० प्रौढांना कार्यक्रमांपूर्वी आणि कार्यक्रमांनंतर त्या विषयांवरील प्रश्न विचारले. शिवाय संशोधकांनी मंडळांच्या बैठकींना जाऊन चर्चा कशी चालते हे डोळ्यांनी पाहिले. शाळेतल्या मुलांच्या भाषेत सांगावयाचे तर ही तीन वर्गांची परीक्षा होती. एका वर्गाला पुस्तक आणि संवाद दोन्ही, दुसऱ्याला नुसते पुस्तक, तिसऱ्याला काहीच नाही.

निकाल असा लागला. मंडळांच्या गावी लोकांची माहिती फार मोठ्या प्रमाणात वाढली. जेथे काहीच नव्हते तेथे ती वाढली नाही, हे अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते मधल्या १० गावांचे चित्र. तेथे रेडिओ होता, ध्वनिलहरी तेथेही पोहोचत होत्या. तरीही ज्ञानातली वाढ अगदीच थोडी होती. पाठविणाऱ्याच्या मापाने पाहावे तर मंडळाचे गाव आणि नुसत्या रेडिओचे गाव सारखेच. दोन्ही गावे नकाशावर रंगवून 'येथे सेवा पोहोचली' असे म्हणता आले असते. घेणाऱ्याच्या मापाने पाहिल्यावर मात्र दुसरे गाव रेडिओ नसलेल्या गावाच्याच शेजारी जाऊन बसले. आमच्या घरच्या तारेची गोष्ट ज्याने भोगली आहे, त्याला या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट संशोधकांना दिसली. मंडळे ऐकून आणि बोलून थांबली नाहीत. गावाच्या समाईक कामांबद्दल ती निर्णय घेऊ लागली; कित्येक ठिकाणी निवडून आलेल्या पंचायतीपेक्षाही लवकर घेऊ लागली. ज्याला प्रश्न विचारण्याची सवय लागते त्याला उत्तराची वाट पाहत बसण्याचा कंटाळाही लवकरच येतो, असे म्हणावयास हरकत नाही. माथुर आणि नॉयराट यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ साली पॅरिसहून प्रसिद्ध केला आणि महाराष्ट्रातल्या खेड्यांचे हे उदाहरण जगभर अभ्यासले गेले.

इतिहास सांगणाऱ्याने मात्र उणी बाजूही सांगितली पाहिजे. मंडळांतले सभासद बहुतेक सर्व पुरुष होते. पाणी आणणारी, बी निवडून ठेवणारी, आजारी मुलाची रात्र काढणारी बाई त्या ओट्यावर नव्हती. विषय कोणते घ्यावयाचे हे आधीच ठरले होते; गावाने प्रश्न विचारावयाचे, पण ठरलेल्या विषयांवरचे. शिवाय दहा आठवड्यांच्या प्रयोगाभोवती माणसांची जी जपणूक होती ती कायमची टिकणे कठीण होते. नोव्हेंबर १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. मंडळांची संख्या वाढली आणि वाढलेली संख्याच यशाची खूण समजली जाऊ लागली. पण कोठे संच नादुरुस्त होऊन पडून राहिला, कोठे चिटणिसाच्या पत्राला उत्तर गेले नाही. उत्तर न मिळालेला माणूस दोनतीनदा लिहितो, मग लिहिणे सोडतो. पुढील काही वर्षांत ही मंडळे हळूहळू विस्मृतीत गेली. तंत्र तेच होते. त्याला लावलेले माप बदलले होते.

आमच्या भागाचे म्हणाल तर प्रयोग झाला त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके व इस्लापूरचे मंडळ मुंबई राज्यात गेले. आम्ही नदीच्या या बाजूचे आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा दिसतो. आमच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी ऐकू येते. अशा गावी 'कोणत्या भाषेत?' हा प्रश्न कोणत्याही साधनाचा पहिला प्रश्न असतो. १९८६ मध्ये आदिलाबादला आकाशवाणीचे केंद्र आले आणि तेथून तेलुगूबरोबर गोंडीही ऐकू येऊ लागली, तेव्हा म्हाताऱ्या गोंडांनी संच कानाशी धरला, तो आवाज मोठा होता म्हणून नव्हे; तो घरचा होता म्हणून.

पुण्याच्या ओट्यावर जी बाई नव्हती तिची जागा पुढे अर्ध्या शतकाने भरली गेली, आणि तीही आमच्याच राज्यात. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना लहान नभोवाणी केंद्रे काढण्याची मुभा मिळाली. १५ ऑक्टोबर २००८ रोजी झहीराबादजवळ माचनूर या खेड्यात 'संघम रेडिओ' सुरू झाला. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या आधाराने तो चालविणाऱ्या स्त्रिया दलित शेतकरी कुटुंबांतल्या. ज्वारी-बाजरी, गावठी बियाणे, जुनी गाणी, घरगुती औषधे हे विषय त्यांनी स्वतः निवडले. येथे ऐकणारीच बोलणारी झाली. २०१० साली छत्तीसगडच्या मुलखात 'सीजीनेट स्वर' निघाले. साध्या मोबाइलवरून कोणीही आपले गाऱ्हाणे आपल्या भाषेत बोलून ठेवावे आणि इतरांनी ते ऐकावे, अशी त्याची योजना होती. हातपंप बंद आहे, मजुरी मिळाली नाही, अशा गोष्टी गोंडीतही सांगता आल्या. जोडेघाटच्या काळी गाऱ्हाण्याला जी वाट सापडली नव्हती, ती सत्तर वर्षांनी एका यंत्राने दाखविली. पण ती दाखविली याचे कारण, यंत्र बसविणाऱ्याने बोलणाऱ्याची भाषा आधी विचारात घेतली होती.

श्रोतेहो, इतके सारे इतरांविषयी सांगितल्यावर माझा स्वतःचा हिशेब न सांगणे हे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०२० साली करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या. मी मराठी माध्यमाच्या मुलांना शिकवितो. धडे माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पालकांच्या मोबाइलवर पाठविण्याचे काम मी मोठ्या उत्साहाने आरंभिले. धडा पोचला की पडद्यावर दोन खुणा उमटतात. त्या खुणा पाहून मी रोज वहीत हजेरी मांडीत असे. वही भरत चालली होती आणि मी समाधानात होतो.

सहा आठवड्यांनी मुखपट्टी बांधून मी घरोघर गेलो. एका घरी, माझ्या वहीत पूर्ण हजेरी असलेली सहावीतली एक मुलगी कापसाच्या शेतातून परत येताना भेटली. मी तिला तिसऱ्या धड्यातले काही विचारले. ती गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. घरात मोबाइल एकच. तो वडिलांजवळ, आणि वडील अंधार पडेपर्यंत शेतात. घरी आल्यावर विजेचा भरवसा नाही. वीज असली तर पैसे भरलेले नाहीत. तिने एकही धडा ऐकला नव्हता. 'सर, मला वाटलं शाळाच बंद झाली,' ती म्हणाली. तिच्या आईने हळूच सांगितले की दिवाळीनंतर तिचे लग्न पाहण्याचे घरात चालले आहे, कारण आता शाळा तर नाहीच.

त्या क्षणी मला तीस वर्षांपूर्वीची तार आठवली. काकांजवळ पावती होती, माझ्याजवळ दोन खुणा होत्या. पाठविणाऱ्याच्या जागी मी बसलो होतो आणि पाठविणाऱ्याचेच माप मी खरे मानले होते. ज्या चुकीमुळे माझे आजोबा वाट पाहत गेले, तीच चूक मी शिक्षक म्हणून केली होती. आणि येथे तर अजून न गेलेले काही वाचविता येण्याजोगे होते.

दुसऱ्या दिवसापासून मी तीन गोष्टी बदलल्या. प्रत्येक घरी मोबाइल कोणत्या वेळी आणि कोणाजवळ असतो हे विचारून घेतले. धडे सायंकाळी साडेसातनंतर जाऊ लागले. जेथे मोबाइल चालत नव्हता तेथे हाताने लिहिलेला कागद जाऊ लागला. त्या कागदाचा अर्धा भाग मी कोरा ठेवीत असे आणि त्यावर मुलाने निदान एक प्रश्न लिहून परत द्यावयाचा, असा नियम केला. कागद नेण्याआणण्याचे काम दुधाच्या फेरीवर जाणाऱ्या एका तरुणाने आपण होऊन पत्करले. हजेरी मी आता कोऱ्या भागावरून मांडू लागलो. पहिल्या आठवड्यात वहीतली हजेरी निम्म्याहून खाली आली. आयुष्यात प्रथमच माझी हजेरी खरी होती.

त्या मुलीच्या पहिल्या कागदावर प्रश्न धड्यातला नव्हता. 'शाळा पुन्हा सुरू होणार का, आणि कधी?' असे तिने लिहिले होते. उत्तर मला ठाऊक नव्हते. पण मी तो कागद घेऊन तिच्या वडिलांकडे गेलो आणि तो त्यांना वाचून दाखविला. लग्नाचे बोलणे पुढे ढकलले गेले. शाळा उघडली तेव्हा ती पहिल्या बाकावर होती.

नवी साधने येत राहतील. त्यांचे कौतुक जरूर करावे. मात्र आपल्या गावात, शाळेत किंवा कचेरीत एखादे नवे साधन आले आणि ते 'सर्वांपर्यंत पोचले' असे कोणी अभिमानाने सांगू लागले, तर पुण्याच्या प्रयोगातली ती मधली १० गावे आठवावी. मग उठून शेवटच्या घरी जावे, उंबऱ्यावर बसावे आणि विचारावे, 'बाई, काय आले होते? काय कळले? आणि उलट काही विचारावयाचे होते काय?' जोडकार्डाचा कोरा भाग ज्या साधनाला आहे, आणि जो भरून आल्यावर वाचावयास कोणी बसले आहे, ते साधन माणसाच्या कामाचे. बाकीच्यांच्या पावत्या तेवढ्या शिल्लक राहतात. तशी एक पावती आमच्या घरच्या पेटीत अजून आहे. तिच्यावर कोपऱ्यात मराठीत माझ्या आईची सही आहे.